जोड सांधेपर्यंतचे तीन महिने

गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर अनेक रुग्णांच्या पोटावर काही काळासाठी पिशवी येते. आतला जोड नीट सांधावा म्हणून केलेली ही सोय. पण याच काळात अंगातले पाणी आटणे, कातडी सोलवटणे, आतडे अडकणे असे त्रास रुग्णाला पुन्हा रुग्णालयात नेतात. त्यातले बरेचसे टाळता येतात, आणि टाळण्याची जागा बहुधा रुग्णालय नसून घर असते.

कोलकात्याचे सियालदह स्टेशन सकाळच्या वेळी पाहावे. दादरच्या पुलावरची गर्दी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांनाही ते पाहून दम लागेल. नदिया, मुर्शिदाबाद, उत्तर आणि दक्षिण चोवीस परगणा या जिल्ह्यांतून आलेल्या लोकल गाड्या इथे माणसे ओततात. त्यांत कचेरीला जाणारे असतात, भाजी-मासळी विकणारे असतात आणि हातात एक्स-रेचे मोठे पाकीट धरलेले रुग्णही असतात. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आहे. १८७३ साली एक वैद्यकीय शाळा म्हणून ही संस्था सुरू झाली. पुढे ती कॅम्पबेल मेडिकल स्कूल म्हणून ओळखली गेली आणि स्वातंत्र्यानंतर तिला, तिथेच शिकलेल्या डॉ. नीलरतन सरकारांचे नाव मिळाले. जवळच पूर्व रेल्वेचे बी. आर. सिंग रुग्णालय आहे.

मोठ्या शहरात शस्त्रक्रिया करून घ्यायची आणि टाके निघाले की दूरच्या गावी परतायचे, हा सियालदहचा रिवाज मराठी माणसालाही नवा नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाबाहेर गडचिरोली, नांदेड, सोलापूरहून आलेली कुटुंबे हेच करत असतात. शस्त्रक्रिया चांगली झालेली असते, डॉक्टर समाधानी असतात. खरी परीक्षा गाडीत बसल्यावर सुरू होते. आता रात्री दोन वाजता काही झाले तर सिस्टरला हाक मारता येणार नसते.

पिशवी कशासाठी?

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, सुमारे १५ सेंटिमीटरचा भाग. तिथे कर्करोगाची गाठ झाली की तो भाग आजूबाजूच्या चरबीसह काढतात आणि वरचे आतडे खाली उरलेल्या टोकाला जोडतात. पूर्वी गाठ गुदद्वाराच्या जवळ असली की गुदद्वारच काढून टाकावे लागे आणि पोटावरची वाट जन्माची होऊन बसे. १९७० च्या दशकात आतडी जोडणारे स्टेपलर यंत्र आले. पाठोपाठ इंग्लंडच्या बेसिंगस्टोक गावातील सर्जन बिल हील्ड यांनी गुदाशय त्याच्या वेष्टणासह अखंड काढण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे आज अनेकांची नैसर्गिक वाट वाचवता येते.

मात्र हा जोड जितका खाली, तितका नाजूक. ओटीपोटाच्या अरुंद खोबणीत त्याला रक्तपुरवठा बेताचाच मिळतो. त्यातच आधी किरणोपचार झालेले असले, तर जखम भरायला आणखी वेळ लागतो. जोडाला जराशी भेग पडली तरी मळ पोटात झिरपतो, पू होतो आणि जिवावर बेतू शकते. म्हणून सर्जन लहान आतड्याचा शेवटाकडील एक वळसा पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढून उघडतात. मळ तिथूनच पिशवीत जातो आणि खालच्या जोडाला विश्रांती मिळते. या तोंडाला स्टोमा म्हणतात. लहान आतड्याचा असेल तर इलिऑस्टॉमी, मोठ्या आतड्याचा असेल तर कोलॉस्टॉमी.

रस्त्यावरचा पूल दुरुस्त होईपर्यंत वाहतूक दुसरीकडून वळवावी, तसाच हा प्रकार. त्याचा उपयोग किती, हे स्वीडनमध्ये २३४ रुग्णांवर केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. ज्यांना तात्पुरता स्टोमा केला होता, त्यांच्यापैकी सुमारे १० टक्के रुग्णांत जोड गळल्याची लक्षणे दिसली. ज्यांना केला नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण २८ टक्के होते. म्हणजे पिशवी ही शिक्षा नसून विमा आहे. पण विम्याचे हप्ते भरावे लागतात, तसे या पिशवीचेही काही हप्ते आहेत.

तयारी शस्त्रक्रियेच्या आधीच

पुष्कळ त्रासांचे मूळ चुकीच्या जागी केलेल्या स्टोमात असते. पोटाच्या घडीत, बरगडीच्या किंवा कमरेच्या हाडाजवळ, जुन्या टाक्यांच्या व्रणावर तो आला की पिशवी चिकटत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाला निजवून, बसवून, उभे करून आणि वाकायला सांगून पोटावर जागेची खूण करतात. या वेळी संकोच न करता आपल्या सवयी सांगाव्यात. साडीच्या परकराची नाडी कुठे बांधता, धोतर किंवा पायजमा कुठवर येतो, पूजेला किंवा नमाजाला जमिनीवर बसता का, शेतात वाकून काम असते का? खूण रुग्णाला स्वतःला दिसेल अशा ठिकाणी हवी. पोट सुटलेल्या माणसाला आपलाच स्टोमा दिसत नसेल, तर पिशवी बदलण्यासाठी तो कायमचा दुसऱ्यावर अवलंबून राहतो.

याच दिवसांत आणखी चार गोष्टी करता येतात. विडी-सिगारेट आणि तंबाखू शस्त्रक्रियेच्या निदान महिनाभर आधी बंद करावी, कारण तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि जोडाला रक्त कमी मिळते. रक्त कमी असेल तर ते वाढवून घ्यावे. मधुमेह काबूत आणावा. आणि कर्करोगाच्या भीतीने अन्न सोडू नये. अंडी, डाळी, दूध, मासे, जे पचेल ते खाऊन अंगात प्रथिनांची शिबंदी साठवावी. शस्त्रक्रियेनंतर लवकर उठून चालणे, दीर्घ श्वासाचे व्यायाम करणे आणि पडल्या पडल्याही पायांचे पंजे हलवत राहणे, यामुळे छातीत कफ साचणे आणि पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे टळते. ‘ऑपरेशन झालंय, हलू नका’ असा प्रेमळ सल्ला देणारे नातेवाईक रुग्णाचे नुकसानच करतात.

पाणी पिऊनही सुकणारे शरीर

आता मुख्य धोक्याकडे वळू. आपण दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पितो. शरीर स्वतः लाळ, जठररस, पित्त आणि इतर पाचकरस मिळून आणखी सुमारे सात लिटर द्रव आतड्यात सोडते. यातले बहुतेक सगळे लहान आतडे परत शोषून घेते आणि उरलेले लिटर-दीड लिटर मोठे आतडे शोषते. इलिऑस्टॉमी केली की हे मोठे आतडेच वाटेतून वगळले जाते. त्यामुळे पिशवीत पातळ मळ येतो. दिवसाला अर्धा ते एक लिटर मळ येणे ठीक. दीड लिटरच्या वर गेला तर ती गळती समजावी. या प्रत्येक लिटरबरोबर अंगातले सुमारे सहा ग्रॅम मीठही जाते.

मग तहान लागते आणि रुग्ण तांब्यामागून तांबे साधे पाणी पितो. घरचे शहाळे, सरबत, शीतपेय देतात. इथेच फसगत होते. स्राव जास्त असताना नुसते पाणी आतड्यात टिकत नाही. ते उलट आतड्याच्या अस्तरातून मीठ ओढून घेते आणि दोन्ही मिळून पिशवीत उतरतात. फार गोड पेयेही तसेच पाणी ओढतात. जितके प्यावे तितके सुकावे, असा हा उफराटा हिशेब. लघवी कमी होते, पिंडऱ्यांत गोळे येतात, उठताना भोवळ येते आणि वेळीच लक्ष दिले नाही तर मूत्रपिंडांना इजा होते. इलिऑस्टॉमीच्या रुग्णाला पहिल्या महिना-दोन महिन्यांत पुन्हा दाखल करावे लागण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

यावरचा उपाय समजून घ्यायचा तर सियालदहलाच परत यावे लागते. कारण आतड्यातून पाणी कसे निसटते आणि ते परत कसे आत घ्यायचे, हा धडा जगाला देण्यात या शहराचा मोठा वाटा आहे. निमित्त होते पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे. नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात असताना डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यावर कॉलऱ्याच्या जंतूंचा परिणाम तपासला. आतड्याच्या त्या बंद नळीत पाणी साचले. पुढे १९५९ मध्ये त्यांनी या जंतूंच्या विषाचाच शोध जगापुढे ठेवला. कोलकात्यातच डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचे पाणी देऊन पाहिले आणि १९५३ साली त्यावर लेख लिहिला. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने त्यामागचे कोडे उलगडले. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. एकटे मीठ किंवा एकटे पाणी तितके आत शिरत नाही.

खरी कसोटी लागली १९७१ साली. बांगलादेश युद्धातले लाखो निर्वासित सीमेवर आले. सियालदहहून सुमारे ७५ किलोमीटरवरच्या बनगाव येथे कॉलरा पसरला. रुग्णालयाच्या जमिनीवर रुग्ण दाटीवाटीने पडलेले, आणि शिरेतून द्यायच्या सलाइनचा साठा संपत आलेला. डॉ. दिलीप महलनबीस यांनी धाडस केले. २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, एवढे एक लिटर पाण्यात. कोलकात्यात पुड्या भरल्या गेल्या, बनगावला पिंपात मिश्रण तयार झाले आणि रुग्णांचे नातेवाईकच ते पेल्याने पाजू लागले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. हीच आपली जलसंजीवनी. महलनबीस यांचे ऑक्टोबर २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

याचा पोटावरच्या पिशवीशी संबंध काय? लंडनचे सेंट मार्क्स हे आतड्यांच्या आजारांसाठी नावाजलेले जुने रुग्णालय आहे. जास्त स्राव होणाऱ्या स्टोमाच्या रुग्णांना तिथे जे मिश्रण देतात, त्याचे प्रमाण असे: एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. बनगावच्या पिंपातलेच हे मिश्रण म्हणायला हरकत नाही!

आज बाजारात मिळणाऱ्या प्रमाणित ओआरएस पुडीत मीठ त्याहून थोडे कमी असते. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या जुलाबांचा विचार करून ते कमी केले. रोजच्या सांभाळासाठी ही पुडी चालते, पण स्राव फार असेल तर कोणते मिश्रण आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवायचे. घरी करायचे झाल्यास रुग्णालयातूनच मापाचा चमचा घ्यावा, कारण प्रत्येक घरातला चमचा वेगळा असतो. सोडा खाण्याचाच घ्यावा, धुण्याचा नव्हे. ज्यांना हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे, त्यांनी स्वतःच्या मनाने मीठ वाढवू नये. आणि डब्यातून मिळणाऱ्या गोड पेयांना ओआरएस समजू नये. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याचसाठी.

वहीतला रोजचा हिशेब

वाणसामानाची वही ठेवणाऱ्या गृहिणीला हे अवघड नाही. एका वहीत रोज चार रकाने आखावेत: किती प्यायले, पिशवीतून किती गेले, लघवी किती झाली आणि वजन किती भरले. मापासाठी एक प्लॅस्टिकचे मापपात्र वेगळे ठेवावे. लघवी दिवसाला निदान एक लिटर आणि फिकट रंगाची असावी. वजन दोन दिवसांत एक-दोन किलोने घटले तर ती चरबी नव्हे, पाणी गेलेले असते.

हा उपाय वाटतो साधा, पण त्याची ताकद तपासलेली आहे. अमेरिकेत बोस्टन शहरातील बेथ इस्रायल डीकोनेस रुग्णालयात इलिऑस्टॉमीच्या रुग्णांना घरी पाठवण्याआधी ठराविक क्रमाने शिकवण्याची पद्धत सुरू झाली. पिशवी स्वतः रिकामी करणे, स्राव मोजणे, नोंद ठेवणे, घरी गेल्यावर परिचारिकेशी संपर्क ठेवणे, एवढेच त्यात होते. आधी १५.५ टक्के रुग्ण पाणी आटल्यामुळे पुन्हा दाखल होत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात, नव्या पद्धतीने शिकवलेल्या ४२ रुग्णांपैकी या कारणासाठी एकालाही परत यावे लागले नव्हते. नवे औषध नाही की यंत्र नाही. फक्त एक वही आणि शिकवणारे माणूस.

म्हणून घरी सोडण्याआधी रुग्णाने किंवा घरच्या एका माणसाने सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने निदान दोन वेळा पिशवी बदलून पाहावी. ‘पाहिलंय, जमेल’ हे पुरेसे नाही. पोहणे काठावर बसून येत नाही.

जी औषधे आधीपासून चालू आहेत, त्यांचीही यादी डॉक्टरांना दाखवावी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी आटलेल्या शरीरात ती घातक ठरते. मधुमेहाच्या काही गोळ्यांचेही तसेच. काही गोळ्या सावकाश विरघळणाऱ्या असतात. त्या पिशवीत जशाच्या तशा सापडल्या, तर औषध लागूच पडलेले नसते. केमोथेरपी सुरू असताना स्राव अचानक वाढला, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे.

कातडीचे राखण

लहान आतड्यातला मळ पाचकरसांनी भरलेला असतो. अन्न पचवणारे हे रस कातडीवर साचले की कातडीही पचवू लागतात. आग होते, साल निघते, ओल्या कातडीवर पट्टी चिकटत नाही, मग आणखी गळती होते. हे चक्र सुरूच होऊ देऊ नये.

त्यासाठी काही नियम पाळावेत. पिशवीच्या चिकट चकतीला पाडायचे भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे असावे. शस्त्रक्रियेनंतर सहा-आठ आठवडे स्टोमाची सूज उतरत जाते, म्हणून दर आठवड्याला माप घेऊन भोक लहान करत जावे. पहिल्या दिवशीच्या मापाने महिनाभराच्या चकत्या कापून ठेवणे ही नेहमी होणारी चूक आहे. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करावी, भरून लोंबकळली की तिच्या वजनाने चकती सुटते. चकती साधारण तीन ते पाच दिवसांनी बदलावी, पण खाली खाज किंवा आग वाटली तर लगेच. सकाळी काही खाण्यापूर्वी स्राव कमी असतो, ती वेळ बदलण्यास सोयीची.

धुण्यासाठी साधे कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे. स्पिरिट, डेटॉल, हळद, खोबरेल तेल, पावडर यांपैकी काहीही लावू नये. तेलाने कातडी मऊ होईल, पण चकती चिकटणार नाही. मुंबईत काय किंवा कोलकात्यात काय, दमट उकाड्यात घामाने चकती लवकर सुटते. अशा दिवसांत ती जास्त वेळा बदलावी लागेल हे गृहीत धरावे आणि पिशव्यांचा साठा उन्हापासून दूर ठेवावा. स्टोमाचा रंग ओठांच्या आतल्या बाजूसारखा लालसर आणि ओला असतो. पुसताना थोडे रक्त लागले तर घाबरू नये.

ताटात काय, आणि कसे

पहिले सहा आठवडे आतड्याचे बाहेर काढलेले तोंड सुजलेले आणि अरुंद असते. न चावलेला चोथा तिथे बूच होऊन बसतो. मक्याचे कणीस, ओले-सुके खोबरे, शेंगदाणे, अळंबी, पेरूच्या बिया, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, संत्र्याच्या फोडींची साल या काळात टाळावी. पुढे एकेक पदार्थ थोडा थोडा सुरू करून पाहावा. भात, मऊ खिचडी, दहीभात, उकडलेला बटाटा, पिकलेले केळे, साबुदाण्याची पेज यांनी स्राव घट्ट होतो. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे आणि सावकाश चावावे. जेवताना गटागटा पाणी न पिता, थोड्या वेळाने प्यावे. स्राव फार असेल तर डॉक्टर लोपरामाईडसारखे औषध जेवणाआधी देतात. ते मनाने सुरू करू नये.

निदान दोन महिने पाण्याची बादली, गव्हाचे पोते, नातवंड उचलू नये. खोकताना किंवा शिंकताना पिशवीवर हाताचा आधार द्यावा. पोटाच्या स्नायूंना पाडलेल्या त्या वाटेतून आतडे फुगून हर्निया होणे किंवा स्टोमा बाहेर लोंबणे यामुळे बरेच टळते.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

* चोवीस तासांत दीड लिटरहून अधिक स्राव, भोवळ, कोरडी जीभ, अगदी कमी लघवी.
* सहा तास पिशवीत काहीच नाही आणि सोबत पोटात कळा, फुगारा किंवा उलटी.
* स्टोमाचा रंग जांभळा वा काळा पडणे, किंवा न थांबणारे रक्त.
* ताप, धडधड, ओटीपोटात वाढत जाणारी वेदना, गुदद्वारातून पू किंवा दुर्गंधी स्राव. ही जोड गळत असल्याची खूण असू शकते.
* एका पायाला सूज व दुखणे, किंवा अचानक धाप लागणे.

गुदद्वारातून अधूनमधून पांढरट बुळबुळीत स्राव जाणे मात्र स्वाभाविक आहे. आतडे वापरात नसले तरी त्याचे अस्तर हा श्लेष्मा तयार करतच असते.

गावातल्या डॉक्टरांना सांगता यावे म्हणून शस्त्रक्रियेचा कागद, स्टोमा कोणत्या आतड्याचा आहे आणि रुग्णालयाचा फोन नंबर एकाच पाकिटात ठेवावा. ‘जुलाब लागलेत’ एवढेच सांगितले, तर इलिऑस्टॉमी माहीत नसलेला डॉक्टर वेगळेच औषध देईल.

पिशवी सुटते तेव्हा

सर्व सुरळीत असेल तर साधारण आठ ते बारा आठवड्यांनी स्टोमा बंद करतात. त्याआधी जोड सांधला आहे का, हे बोटाने, दुर्बिणीने किंवा रंगद्रव्य घालून काढलेल्या एक्स-रेने तपासतात. केमोथेरपी द्यायची असेल तर ही तारीख काही महिने पुढे जाते. विविध अभ्यासांत असेही दिसते की, तात्पुरता म्हणून केलेला स्टोमा पाचांतल्या सुमारे एका रुग्णात बंद करता येत नाही. जोड गळणे, रोग उलटणे किंवा प्रकृती साथ न देणे ही त्याची कारणे. ही शक्यता सर्जनने आणि रुग्णाने शस्त्रक्रियेआधीच बोलून ठेवलेली बरी. कॅलेंडरवर लाल खूण करून दिवस मोजणाऱ्या माणसाला ती ऐनवेळी कळली तर तो खचतो.

आणि बंद झाल्यावर? घरात पेढे वाटले जातात, पण पुढच्या आठवड्यात रुग्ण पुन्हा हिरमुसतो. मळ साठवणारा गुदाशय आता नाही, म्हणून दिवसातून अनेकदा, लागोपाठ आणि अगदी घाईने शौचास जावे लागते. हा शस्त्रक्रिया फसल्याचा पुरावा नव्हे. बहुतेकांचा हा त्रास काही महिन्यांत ते वर्ष-दीड वर्षात कमी होत जातो, काहींचा मात्र थोडाफार उरतो. गुदद्वाराचे स्नायू आवळण्या-सोडण्याचे व्यायाम, आहारातले बदल, औषधे आणि त्या भागाला लावायचे संरक्षक मलम यांचा उपयोग होतो. न लाजता डॉक्टरांना सांगितले तरच त्यांना मदत करता येते.

लाजेचे काय करायचे?

चिकट कड असलेल्या आजच्या पिशवीचा जन्म एका बहिणीच्या मायेतून झाला. डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेनसेन या परिचारिकेच्या बहिणीला, थोराला, स्टोमा झाला होता. गळतीच्या भीतीने थोरा घराबाहेर पडेना. तेव्हा १९५४ साली एलिसेने अंगाला चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना मांडली आणि ती कारखानदारांकडून बनवून घेतली. अवघ्या जगाचे भले झाले, पण सुरुवात बहिणीला चारचौघांत जाता यावे एवढ्यासाठीच होती.

आपल्याकडे अजूनही पुष्कळ थोरा घराबाहेर पडत नाहीत. देवघरात जायचे का, स्वयंपाक करायचा का, लग्नाला गेले आणि वास आला तर? यांतल्या कशालाही वैद्यकीय मनाई नाही. नीट बसलेल्या पिशवीला बंद असताना वास येत नाही. अंघोळ पिशवीसकट किंवा काढून, दोन्ही प्रकारे करता येते. जखम भरली आणि डॉक्टरांनी होकार दिला की पती-पत्नीच्या संबंधांनाही आडकाठी नाही. मात्र या शस्त्रक्रियेत ओटीपोटातल्या मज्जातंतूंना धक्का बसून अडचणी येऊ शकतात, तेव्हा त्याही बोलाव्यात. पिशवी बदलताना नाकाला पदर लावणारी सून आणि सहज बोलत बोलत हात पुढे करणारी सून, यांत रुग्णाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मदत मागण्याच्या जागाही आहेत. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा रुग्णांसाठी काम करते आणि टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत स्टोमाचे खास शिक्षण घेतलेल्या परिचारिका असतात. शासकीय योजनेत शस्त्रक्रियेचा खर्च बसला तरी पिशव्यांचा बसतो का, हे आधीच विचारावे. खर्च वाचवायला एकच पिशवी धुऊन पंधरवडा चालवणे शेवटी महागात पडते. रेल्वेच्या सवलतींच्या यादीत स्टोमा असलेल्या रुग्णांसाठी मासिक आणि त्रैमासिक पासावर ५० टक्के सवलत आहे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीचे भाडे पूर्ण माफ असते. सियालदहच्या लोकलने येणाऱ्याला काय किंवा परळला येणाऱ्याला काय, तपासणीची तारीख न चुकवण्यास याचा आधार होतो.

बनगावच्या त्या रुग्णालयात १९७१ साली प्रत्येक खाटेजवळ डॉक्टर उभा राहू शकत नव्हता. पेला आई-बापांच्या, भावंडांच्या हाती देण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि त्या हातांनीच हजारो जीव वाचवले. घरच्या माणसांना नीट शिकवले तर ती काय करू शकतात, याचा याहून मोठा दाखला शोधण्याची गरज नाही. घरी जाण्याच्या दिवशी सिस्टरपुढे चार प्रश्न जास्त विचारावेत, वही आणि मापपात्र सोबत न्यावे आणि मगच गाडी पकडावी.